वाळलेलं लाकूड जिभेला चिकटतं

अण्णा,

आज दुपारी मी एका बाईबरोबर तुम्हाला हसले. मोठ्यानं नाही. समोरच्या माणसाला एकटं वाटू नये म्हणून आपण दात दाखवतो ना, तेवढंच. पण हसले. तेव्हापासून तोंडात एक चव आहे, शिळ्या तेलातलं काहीतरी खाल्ल्यासारखी, आणि दोनदा चूळ भरूनही ती जात नाही. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहायला बसले ती माया दाटून आली म्हणून नाही. मला माझी किळस आली आहे आणि ती दुसऱ्या कोणासमोर ओतता येत नाही.

ही बाई तुम्हाला माहीत आहे. माझ्या पहिल्या नोकरीतली माझी टीम लीड, कोथरूडची. तिच्या आईला तुम्ही उलथण्याची मूठ करून दिली होती. त्या बाई गेल्या वर्षी वारल्या, नव्वदीच्या होत्या. आता त्यांची सोसायटी पाडून नवी बांधणार आहेत, त्यामुळे घर रिकामं करणं चाललं आहे. तिचा फोन आला की तुझ्या वडिलांच्या हातच्या वस्तू आहेत, घेऊन जा, नाहीतर भंगारवाला नेईल. मी गेले. तिनं एक कापडी पिशवी माझ्या हातात दिली. मला वाटलं होतं आत एक मूठ असेल, तडकलेली. चार होत्या.

पण ते नंतर. आधी जिभेचं.

तुमच्या कामातलं सगळं मला आवडायचं, ती एक गोष्ट सोडून. कारखान्यात तुम्ही पॅटर्न शॉपमध्ये होतात. लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याचा आधी हुबेहूब लाकडी नमुना करायचा, हे तुमचं काम. मग देश खुला झाला असं पेपरात येऊ लागलं. आपल्या घरात त्याचा अर्थ एवढाच झाला की नमुने संगणकावर आखले जाऊ लागले आणि तुमच्या विभागाला कुलूप लागलं. स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करून आलात त्या दिवशी आईनं विचारलं, आता काय. तुम्ही चपला काढता काढता म्हणालात, "इच्छा त्यांची, निवृत्ती आपली." आणि पुढच्याच आठवड्यात कारखान्याच्या भंगारातून तो लाकूड फिरवून कातायचा जुना लेथ टेम्पोत घालून वारज्याला आणलात. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो बसवताना चार माणसं लागली होती.

तयार मुठी बाजारात ढिगानं मिळायच्या. तुमच्याकडे यायचे ते ज्यांच्या हाताला तयार मूठ चालत नव्हती असे. बोट तुटलेला बुकबाइंडर, डावखुरा माळी, तळहाताला कायम घाम सुटणारा एक घड्याळजी. तुम्ही त्यांना आधी स्वयंपाकघरात न्यायचात. आई कणकेचा गोळा द्यायची आणि तुम्ही म्हणायचात, धरा, जसं हत्यार धरता तसं धरा, उगं दाबू नका. कणकेत हाताचा ठसा उमटला की तो गोळा घेऊन तुम्ही शेडमध्ये जायचात. लेथ फक्त गोल करतो आणि माणसाची मूठ आतून गोल नसते, म्हणून तुम्ही लाकूड दोन टोकांत पकडताना मध्य जरासा सरकवायचात आणि पुन्हा फिरवायचात. लाकूड लंगडत फिरायचं. त्याचा तो धडधड-धडधड आवाज मला अजून झोपेत येतो. कणीक वाया जाते म्हणून आई कुरकुरायची, आणि नंतर तो परक्या माणसाच्या घामाचा गोळा आपल्या दारातल्या कुत्रीला घालायची.

आणि मूठ दिली म्हणजे काम संपलं असं तुमच्यात नव्हतं. पहिला उन्हाळा सरला की तुम्ही प्रत्येकाच्या घरी जाऊन मूठ बघून यायचात. लाकूड आकसतं, मुठीच्या तोंडावरचं लोखंडी कडं ढिलं होतं, हातही बदलतो. तुमचं म्हणणं होतं, "पहिला उन्हाळा खाल्ल्याबिगर मूठ आपली म्हणायची नाय."

आता ती एक गोष्ट. ठोकळा हातात घेतला की पटाशी लावायच्या आधी तुम्ही त्याला जिभेचं टोक लावायचात. कापलेल्या कडेला, जिथं लाकडाच्या नळ्या उघड्या पडतात तिथं. लाकूड आतून ओलं असेल तर जीभ घसरते आणि गार, आंबूस लागतं. वाळलेलं असेल तर ते जिभेची ओल ओढून घेतं आणि क्षणभर चिकटून राहतं. कारखान्यात तुमच्या उस्तादानं शिकवलं होतं. मी पाचवीत असताना तुम्ही मलाही बाभळीचा तुकडा दिला होता. मी जीभ लावली, ती चिकटली, मी घाबरून ओरडले आणि तुम्ही इतके हसलात की आई पोळपाट टाकून बाहेर आली. तेव्हा मला किळस वगैरे काही आली नव्हती. मला वाटलं होतं लाकडानं माझी पापी घेतली.

किळस कधी आली तो दिवस मला नेमका आठवतो. मी बारावीत, कोथरूडला क्लासला जाते आहे. क्लासमधली एक मैत्रीण नोट्स घ्यायला आपल्या घरी येते. शेडच्या दारात आम्ही उभ्या आहोत आणि तुम्ही, आमच्याकडे पाठ करून, एकामागून एक चार ठोकळे चाटून बाजूला ठेवता. ती चांगल्या घरची मुलगी. फक्त पर्समधून रुमाल काढते आणि स्वतःचं तोंड पुसते. स्वतःचं, अण्णा. तुमची जीभ लाकडाला लागली आणि तोंड तिनं तिचं पुसलं. त्यानंतर तुम्ही ठोकळा उचललात की माझी मान आपोआप दुसरीकडे वळू लागली. मला वाटायचं ही माझीच किळस आहे, माझ्या पोटातून आलेली. ती मला त्या रुमालातून लागली होती हे कळायला फार वर्षं गेली, आणि कळूनही ती गेली नाही.

मग नोकरी लागली. हिंजवडीला तेव्हा शेतंच जास्त होती, आमची कंपनी शहरातच एका इमारतीच्या दोन मजल्यांवर होती. वारज्यातून निघून सिमेंटच्या जिन्यावरून वर गेलं की थंडगार हवा आणि खोलीत फवारलेला लिंबाचा वास. माझी लीड माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, हुशार, आणि माझ्याशी चांगली वागणारी. आडनाव ऐकून तिच्या चेहऱ्यावरचं काही हललं नव्हतं, आणि मी त्याबद्दल तिची इतकी ऋणी होते की आज आठवलं तरी कानशिलं तापतात. जेवताना ती आईबद्दल सांगायची. आई निवृत्त शिक्षिका, एकटीनं मुलीला वाढवलेलं, आणि आता संधिवातानं बोटं अशी वळलेली की चमचा धरता येत नाही. पोळ्यांना बाई लावली आहे पण आई रोज भांडते, मला माझं थालीपीठ मला लावायचंय म्हणते, काल उलथणं हातातून निसटलं तेव्हा तिनं ओट्याशी बसून रडून घेतलं. मी बोलून गेले, माझे वडील हाताच्या मापाची मूठ करून देतात. ती म्हणाली, घेऊन ये त्यांना, आणि लगेच डोळ्यांसमोर त्यांचा दिवाणखाना आला आणि त्यात तुम्ही, हातात ठोकळा.

म्हणून पहिल्या पगारात मी तुमच्यासाठी भेट आणली. आईला साडी, आणि तुम्हाला पाण्याचा फवारा मारायची प्लॅस्टिकची बाटली, न्हाव्याकडे असते तशी. तुम्ही ती उलटसुलट करून बघितलीत. म्हणालात, "आता लाकडाची कटिंग बी करतो, दाढी बी." मी म्हटलं, रंग कसा उमटेल ते बघायला पाणी मारलं की झालं, जीभ कशाला. तुम्ही शांतपणे सांगितलंत की रंगाचं ठीक आहे, पण पाण्यानं ओल कशी कळेल, ओल बघायला लाकूड वरून कोरडं पाहिजे. मी ऐकून घेतलं नाही. "त्यांच्या घरी जीभ लावू नका," मी म्हटलं. "इथंही नका लावू. ती वस्तू त्यांच्या स्वयंपाकघरात जाणार आहे."

तुम्ही विचारलंत, "कुणी काय बोललं का?"

"कोणी नाही. मला किळस येते."

आई चुलीशी, म्हणजे गॅसशी, पाठ करून उभी होती. तिचा हात थांबला. तुम्ही बाटलीचा खटका एकदा दाबून बघितलात, पाणी नव्हतं, नुसता फुस आवाज आला. मग हसून म्हणालात, "मग गळ्यात मडकं बांधून जाऊ का?"

आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आपल्या घरात त्या जुन्या गोष्टी दुःखानं कोणी बोलत नसे. पण मला माहीत होतं तुम्ही काय म्हणताय. याच शहरात आपल्या माणसांना गळ्यात मडकं अडकवून फिरावं लागायचं, थुंकी आली तर त्यात थुंकायचं, रस्त्यावर पडली तर रस्ता बाटायचा. मी पुस्तकात वाचलं होतं, भाषणात ऐकलं होतं, चौदा एप्रिलला त्यावर बोलूनही आले होते. आणि माझ्या बापासाठी मी स्वतःच्या पगारातून प्लॅस्टिकचं मडकं विकत आणलं होतं. तेव्हा मला एवढंच वाटलं की अण्णा प्रत्येक गोष्ट तिथंच नेतात.

कोथरूडला आपण रविवारी सकाळी गेलो. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातला होता, पिशवीत कणकेचा डबा, तीन ठोकळे आणि ती बाटली. चहा आला तेव्हा मी कप बघितले. सगळ्यांना एकाच सेटमधले होते. मी मुद्दाम बघितलं, म्हणजे मला शंका होती, आणि शंका फिटल्यावरही मी सैल झाले नाही. तुम्ही लीडच्या आईच्या, म्हणजे बाईंच्या, समोर खाली बसून डबा उघडलात आणि म्हणालात, बाई, मूठ आवळा. बाईंनी तुमच्याकडे चष्म्यावरून बघितलं. "मूठ आवळता आली असती तर तुम्हाला बोलावलं कशाला असतं?"

तुम्ही म्हणालात, "मग नका आवळू. नुसता हात ठेवा. कणीकच आवळून घेईल."

आणि तुम्ही तो गोळा खालून वर दाबत त्यांच्या वाकड्या बोटांभोवती बसवत गेलात. बाई थोड्या वेळानं म्हणाल्या, कणीक सैल भिजवलीये तुमच्या बायकोनं, थालीपिठाची आहे का? तुम्ही दोघं हसलात. तुम्हाला एकमेकांचं काहीतरी कळलं होतं आणि मी त्यात नव्हते. मग त्यांनी विचारलं, कुठलं लाकूड लावणार? तुम्ही ठोकळे काढलेत. तुमचा हात वर गेला तसं मी म्हटलं, "अण्णा, पाणी." तुम्ही बाटली काढलीत आणि तिन्ही ठोकळ्यांवर फवारा मारलात. शिसव काळंभोर दिसलं, बाईंना ते आवडलं. मी हातरुमालानं टीपॉयवरचे थेंब पुसले.

मूठ केलीत त्या शनिवारी मी शेडमध्ये उभी राहिले. मदतीला नाही, पहाऱ्याला. दिवाळी नुकतीच झाली आहे, हवेत अजून पावसाळ्याचा दमटपणा आहे. तुम्ही ते शिसव उचलता. लाकडाच्या वखारीतल्या माणसानं जुना वासा कापून दिलाय म्हणून सांगितलं आहे. तुम्ही कापलेली कड तोंडाजवळ नेता. मग माझ्याकडे बघता. मी नुसती बघते. तुम्ही ठोकळा खाली घेता, वर फवारा मारता, पंच्याला पुसता आणि लेथला लावता. एवढंच. त्या दिवशी लाकूड खूप छान कापलं गेलं, लांबच लांब सलग ढलप्या निघाल्या आणि मी म्हटलंसुद्धा, बघा, काही अडलं का. तुम्ही म्हणालात, "ओलं लाकूड बी असंच कापलं जातं." मला वाटलं तुम्ही हट्टानं बोलताय.

मूठ सुंदर झाली होती. बाईंनी तिसऱ्या दिवशी स्वतःच्या हातानं थालीपीठ उलटलं आणि लीडनं ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. मी दिवसभर तरंगत होते. चैत्रात ती एकदा माझ्या टेबलाशी आली, आवाज खाली करून म्हणाली की मुठीला उभी चीर गेली, कडं ढिलं झालं, उलथणं हातात फिरलं आणि तेल आईच्या मनगटावर उडालं. फार नाही, दोन फोड. आई म्हणतेय मिस्त्रींना बोलाव. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "पण राहू दे, त्यांना सांगू नकोस, वाईट वाटेल. शेवटी हातानं केलेल्या वस्तूचं असंच असतं." ती प्रेमानं बोलत होती. आणि मी, जिला माहीत होतं की हातानं काही चुकलेलं नाही, जिभेला बंदी केली म्हणून चुकलंय, मी मान हलवली. वर म्हणाले, "तसंही आता ते काम करत नाहीत. हात कापतो त्यांचा."

तुमचा हात कापत नव्हता, अण्णा. त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा तुम्ही सुईत दोरा ओवून आईला देत होतात.

जूनमध्ये तुम्ही म्हणालात, पहिला उन्हाळा गेला, बाईंची मूठ बघून येतो. मी म्हटलं, तुम्ही नका जाऊ, मी विचारते. दोन दिवसांनी तुम्ही विचारलंत, "बाईंची मूठ कशी हाय?" मी म्हटलं, "छान आहे." त्यानंतर किती वेळा विचारलंत. दिवाळीला, माझ्या लग्नाची बोलणी चालू असताना, मी माहेरपणाला आले की. जेवायला बसल्यावर, पाण्याचा तांब्या भरता भरता, माझ्याकडे न बघता. बाईंची मूठ कशी हाय. आणि मी दर वेळी, छान आहे अण्णा, खूश आहेत त्या. सहा वर्षं. मला वाटायचं म्हातारा माणूस आहे, एका चांगल्या कामाची आठवण काढतोय. मला दया यायची तुमची.

आता आजची दुपार. पिशवीतून चार मुठी निघाल्या. पहिली ती शिसवीची, उभी तडकलेली. दुसरी तिच्यापेक्षा जाड, तिसरीला अंगठ्यासाठी खोल खळगा, आणि चौथी अशी विचित्र की पहिल्यांदा मला ती कशाची मूठ आहे तेच कळेना. ती दोन बोटं आणि तळहाताची कड यांनीच धरायची होती. बाईंची बोटं वर्षावर्षाला जशी वळत गेली तशा त्या मुठी वळत गेल्या होत्या. मी त्या ओळीनं मांडल्या आणि लीड म्हणाली, "किती वर्षं येत होते ना तुझे वडील. जूनमध्ये ठरलेलं. मी ऑफिसला असायचे, आईच सांगायची, आज मिस्त्री आले होते. तुला माहीत होतंच म्हणा."

मी म्हटलं, "हो."

बघा. अजूनही.

मग ती सांगू लागली. पहिल्या वेळी तुम्ही नुसते मूठ बघायला गेलात. चीर बघितलीत, मनगटावरचे डाग बघितलेत, आणि बाईंना म्हणालात की चूक माझी, मी लाकूड बघून घेतलं नाही. बाईंनी विचारलं, म्हणजे कसं बघतात? तुम्ही पिशवीतून ठोकळा काढून दाखवलंत. त्या दिवशी लीडला सुट्टी होती, ती दारात उभी राहून बघत होती. "ते चक्क चाटायचे गं लाकूड," ती म्हणाली. "मला तर अशी शिसारी आली. आणि आईनं काय करावं? म्हणाली, बघू इकडे. आणि तिनंही जीभ लावली. त्यांनी जिथं लावली त्याच्याच शेजारी. वर म्हणते कशी, चिकटली हो मिस्त्री, वाळलंय. शाळेत शिकवत असल्यासारखी. आई पण ना. वय झालं की माणसाला काही वाटेनासं होतं."

आणि ती हसली. आणि मी हसले.

बाईंचं तेव्हा वय झालं नव्हतं. डोकं शाबूत होतं त्यांचं, शेवटपर्यंत शब्दकोडं सोडवत होत्या हे तीच मला दहा मिनिटांपूर्वी सांगत होती. मी ते म्हणू शकले असते. मी म्हणू शकले असते की लाकूड असंच बघतात. मी चहा संपवला, कप चांगला आहे म्हटलं, पिशवी उचलली. जिन्यात माझ्या लक्षात आलं की मी ओठ पुसते आहे.

रिक्षात बसल्यावर एकेक गोष्ट उलगडत गेली. जूनमधल्या एखाद्या गुरुवारी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून पॉलिश-पेपर आणायला म्हणून निघायचात. आई म्हणायची, लिंबाएवढी कणीक कुठं गेली, उंदीर झालेत घरात, आणि म्हणताना तिचा चेहरा सरळ असायचा. म्हणजे तिलाही माहीत होतं. आणि ती बाटली. तुमच्यानंतर शेड आवरताना मला ती खिळ्याला लटकवलेली सापडली होती, काठोकाठ भरलेली, आत हिरवं शेवाळ धरलेलं. मी दोन बोटांत धरून ती फेकली होती, शी म्हणत. तुम्ही ती त्या शनिवारनंतर कधी वापरलीच नव्हती, हे त्या शेवाळानं मला तोंडावर सांगितलं होतं. मी वास आला म्हणून नाक धरलं.

ऑफिसात हल्ली मी मोठ्या पदावर आहे. मध्यंतरी सगळ्यांना बाणेरला एका ठिकाणी नेलं होतं, तिथं लोक हौसेनं छोट्या लेथवर मुठी कातायला शिकतात. मुलंमुली फोटो काढत होती. मी सांगितलं, माझे वडील हेच करायचे. सगळे थक्क झाले, एकजण म्हणाला, मॅम, हे तुमच्या प्रोफाइलमध्ये लिहायला पाहिजे. मी कणकेचं सांगितलं, लंगडत फिरणाऱ्या लाकडाचं सांगितलं, पहिल्या उन्हाळ्याचं सांगितलं. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून आले. जिभेचं सांगितलं नाही. तुम्हाला मी असं स्वच्छ धुऊन, पुसून, लोकांना बघायला ठेवलंय. बाटलीपेक्षा हे जास्त वाईट आहे असं मला आज वाटतंय.

आणि खरं सांगू, तुमचाही राग आला. तुम्ही एकदा तरी म्हणायला हवं होतं की मी गेलो होतो, मला माहीत आहे. सहा वर्षं माझ्यासमोर ताटावर बसून विचारत राहिलात, बाईंची मूठ कशी हाय. मला वाटत होतं तुम्ही कामाची आठवण काढताय, आणि तुम्ही मला ठोकळ्यासारखं उचलून बघत होतात, आतून वाळले का अजून ओलीच आहे. दर वेळी जीभ घसरत असणार तुमची. दर वेळी तुम्ही ठोकळा परत ठेवून दिलात आणि पुढच्या उन्हाळ्याची वाट बघितलीत. उन्हाळे संपले तुमचे.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही हे तर झालंच. पण आईला वाचून दाखवायचं असं मी मघाशी ठरवलं होतं, ती शेजारच्या खोलीत जागी आहे, तिला चारही मुठी ओळखता येतील. आता नाही दाखवणार. कारण लिहिता लिहिता मध्येच उठून मी स्वयंपाकघरात गेले होते. चौथी मूठ घेतली, तिच्या टोकाला पॉलिश उडालं आहे, तिथं लाकूड उघडं आहे. दिवा लावला. जीभ लावून बघितली. काही कळलं नाही, नुसती घसरली. मग लक्षात आलं की कळणार कसं. तोंडाजवळ नेण्याआधी मी ती नळाखाली साबणानं धुतली होती.